डिस्कच्या एकेका तुकड्यापुरती मेमरी

दांडी गावच्या मच्छीमार घरातली चंद्रकांता तामोरे बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. १९९५च्या मे महिन्यात अचानक वीज गेली आणि कामगारांच्या आरोग्य तपासणीच्या नोंदींची डिस्क उघडेनाशी झाली. डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम होता, पण सुरू केला की ‘मेमरी अपुरी’ असं सांगून तो बंद पडायचा.

दुसऱ्या दिवशी, रंग ढवळणाऱ्या मिक्सरवर वाफेत काम करणारे महादूकाका दारात आले. त्यांना दम लागत होता आणि डॉक्टरांना छातीच्या जुन्या तपासण्या पाहायच्या होत्या.

“पोरी, माजे रिपोर्ट हायत ना?”

“हायत काका. काडायला जरा येल लागंल,” ती म्हणाली खरी, पण डिस्क अजून उघडत नव्हती.

प्रोग्रामचा कोड तिने ओळ न् ओळ वाचून काढला. अख्ख्या डिस्कचा नकाशा मावेल एवढी मेमरी तो सुरुवातीलाच कर्नेलकडे, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याकडे, मागत होता. प्रत्यक्षात मात्र तो एका वेळी डिस्कचा एकच तुकडा तपासत होता. तिने मागणी त्या तुकड्यापुरती केली आणि काम झालं की मेमरी परत द्यायची सोय केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी डिस्कची तपासणी आणि दुरुस्ती शेवटपर्यंत गेली. सहा वर्षांच्या नोंदी जागेवर होत्या. चंद्रकांता खुर्चीत मागे रेलली आणि एकटीच हसली.

आठवड्याने महादूकाका सांगत आले, “जुने रिपोर्ट बगून डाक्टर बोलला, रंगाच्या वाफंनी छाती बिगडत चाललेली, येलेवर कललं. आता मना मिक्सरवरनं काडून पॅकिंगला घेतलाय.”