सातवी जाळी

दाराला बेल होती, पण लोहारमामांनी ती कधी वाजवली नाही. ते फाटकावर बोटाच्या पेराने ठोकायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "बोलतंय अजून." मग आमच्याकडे वळायचे. आधी फाटकाची विचारपूस, नंतर घरातल्या माणसांची.

पापडी गावातल्या आमच्या घराभोवती घडीव लोखंडाचं जुनं कुंपण आहे. सात जाळ्या आणि एक फाटक. जाळ्यांवर रस्त्याच्या बाजूने लोखंडी वेल आणि पानं. घराच्या बाजूने नुसती रिव्हेटची सपाट डोकी. हे मामांच्या वडिलांचं काम. दरवर्षी चर्चच्या फेस्ताच्या सणाआधी मामा येऊन गंज खरवडत, सैल रिव्हेट बदलत. माझ्या बायकोने एकदा शेजारच्या वेल्डिंगच्या फाटकाचं कौतुक केलं. त्यानंतर ते तिच्याशी फक्त हवापाण्यावर बोलले.

मग रस्ता रुंद व्हायचं ठरलं. कुंपण चार फूट आत घ्यायचं होतं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "काका, टेन्शन नको. गॅस कटरने दोन तासांत कापतो, आत वेल्डिंग मारून देतो."

"मानूस कापून शिवला तरी बोलतो," मामा म्हणाले. "लोखंड नाय बोलत. आठ दिवस द्या."

"नवव्या दिवशी कटर आणणार."

"आना. चहा पिऊन जा."

मामांचं वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे. त्यांनी एकेक रिव्हेट काढली आणि प्रत्येक जाळीवर छिन्नीने खूण केली. रस्त्याकडे गटारासाठी खणलेलं होतं, म्हणून अंगणात उभं राहून घराच्या बाजूने. आठव्या दिवशी संध्याकाळी सातही जाळ्या नव्या जागी उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांवर ठोकून पाहिलं. सगळ्या बोलल्या.

मी रस्त्यावर जाऊन पाहिलं. तीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला चूक नको असताना दिसते.

"मामा, पानं घराकडे आलीत."

ते बाहेर आले. एका जाळीवरच्या छिन्नीच्या खुणेवरून बोट फिरवलं.

"बाप खुना रस्त्याच्या बाजूला करायचा," ते म्हणाले. "हात त्याच सवयीनं चालला. खून दिसली, ती बाहेर घेतली."

"राहू द्या. मला घरातून वेल दिसेल."

"आनि पापडीला पाठ? मास्तर, कुनाला सांगू नका. मी फिरवतो."

त्यानंतर ते दर गुरुवारी येऊ लागले. एका दिवसात एक जाळी. खोलायची, फिरवायची, पुन्हा रिव्हेट मारायच्या. मी दुसऱ्या टोकाला धरून उभा राहायचो. माझं धरणं त्यांना पसंत नव्हतं. "पुस्तक धरल्यासारखं धरू नका," म्हणायचे. सहा गुरुवारी सहा जाळ्या झाल्या.

सातव्या गुरुवारी फाटकावर कुणी ठोकलं नाही. शुक्रवारी बेल वाजली. दारात त्यांची मुलगी होती. बुधवारी झोपेतच गेले, म्हणाली. मग म्हणाली, "बाबांची एक जाळी राह्यलीय ना? आचोळ्याला एक वेल्डर आहे ओळखीचा. पाठवू का?"

"नको," मी म्हणालो. तिने मान हलवली. तिलाही ते विचारणं भाग होतं.

ती जाळी माझ्या खिडकीसमोर येते. मी वाचत बसतो तिथून वेल दिसतो, पानं दिसतात. गुरुवारी मी तिच्यावर पेराने ठोकून पाहतो. रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी एखादा थांबून विचारतो, ही एकच उलटी कशी?

कुणाला सांगायचं नाही, असं ठरलेलं आहे. मी म्हणतो, "काम चालू आहे."