कॉम्प्युटरचा कौल

ओल्या तगरीचा वास आला की रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातलं देऊळ आठवतं. माझा कॉम्प्युटर कुरकुरत होता, आणि तो बनवणाऱ्या कंपनीच्या वर्धापनदिनी नवा येणार म्हणून आम्हा चाहत्यांच्या ग्रुपवर नुसता धुमाकूळ. कुणी म्हणे घडीचा येणार, कुणी म्हणे काचेचा. आत्ता घ्यावा की थांबावं? डोकं पिकलं, तेव्हा सरळ देवाला कौल लावला. गुरवकाकांनी मूर्तीवर तगरीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर थांबायचं. गार गाभाऱ्यासमोर मी श्वास रोखून उभी. उजवी पडली. माझ्याआधी काकांनीच सुस्कारा सोडला. "बरं झालं गो बाय," ते हळूच म्हणाले, "मी पण त्या नव्या कॉम्प्युटरसाठीच थांबलोय." केवढं हायसं वाटलं मला! हल्ली ग्रुपवर नव्या मॉडेलची कुजबुज सुरू झाली की मी देवाला त्रास देत नाही. थेट काकांनाच फोन लावते.