चोरीला गेलेले प्रस्थान

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण अभिमानाने सांगावी अशी एखादी घटना विचाराल, तर मला जबलपूरचे एक बोचकेच आठवते.

युद्ध सुरू झाले होते. संरक्षण कारखाने अखंड चालत, रजा जवळजवळ बंद होत्या. कामगारांच्या वस्तीजवळच्या ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो.

वस्तीतल्या एका मराठी कामगाराच्या मुलीचे लग्न नागपूरला ठरले होते. गुरुजींनी निघायचा मुहूर्त गुरुवार सकाळचा काढला आणि कारखान्याने रजा दिली रविवारपासून. तोफगोळ्यांना कुठले आले पंचांग! अशा अडचणीवर आपल्याकडे जुना तोडगा आहे, प्रस्थान ठेवणे. प्रवासाचे कपडे, सुपारी, हळकुंड, अक्षता यांचे बोचके बांधून मुहूर्तावर शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचे. मग माणसे मागाहून निघाली, तरी प्रवास मुहूर्तावर सुरू झाला असे धरतात. या घरच्यांनी त्यात नवरीच्या सोन्याच्या पाटल्याही घातल्या आणि बोचके ठेवले क्वार्टरांच्या ओळीतल्याच एका विधवा काकूंकडे.

शुक्रवारी संध्याकाळी ते नाहीसे झाले.

काकूंकडे रेडिओ होता. युद्धाच्या बातम्या ऐकायला सगळी ओळ त्यांच्या खोलीत जमे. म्हणजे जितके श्रोते तितके संशयित. पण लोकांनी एकच नाव धरले होते. "शुभाची वस्तू विधवेच्या घरी ठेवलीच काहून?" असे बायका माझ्यासमोर बोलल्या. मला त्यांचा फार राग आला.

काकू रडल्या नाहीत. "साहेब, पोरीची आई स्वतः माझ्या हातात देऊन गेली," त्या म्हणाल्या. "आजवर मला असं कोणी काही दिलं नव्हतं. ते मी चोरीन का?"

बाईला ठाण्यात आणून बसवा, असा वरून निरोप आला. मी आणले नाही. जबाब त्यांच्या घरीच घेतला आणि सराफ्यातल्या दुकानदारांना पाटल्यांचे वर्णन कळवून ठेवले.

शनिवारी सकाळी त्याच ओळीतला एक तरुण ठाण्यात आला. घर मराठी, जन्म इथलाच. तोही रोज बातम्या ऐकायला जाई. हळूच म्हणाला, "साहेब, माझं नाव नका घेऊ. काकूंची काही गलती नाही. मुलीचे बाबाच काल दुपारी बोचकं आपल्या घरी वापस नेऊन राहिले होते. मैंने अपनी आँखों से देखा."

आमचे हेड कॉन्स्टेबल लगेच उठले. "साहब, बाप को उठा लाएँ?"

"रुकिए. पहले इनको चाय पिलाइए," मी म्हणालो.

माझी आई प्रस्थान ठेवी, तेव्हा आम्हाला बजावत असे की, ते परत घरात आणायचे नाही. आणले तर प्रवास मोडला. लेकीच्या लग्नाला निघालेला बाप एक वेळ उपाशी राहील, पण प्रस्थान माघारी आणणार नाही, तेही भर दुपारी सगळ्या ओळीदेखत. या तरुणाने प्रस्थान हा शब्द ऐकला होता, त्याचा नियम त्याला कोणी सांगितला नव्हता.

खोटे बोलणाऱ्याला आपण शंका दाखवली की तो पदरची भर घालतो, हा माझा अनुभव. मी म्हणालो, "दुसरं एखादं बोचकं असेल रे."

"नाही साहेब, तेच! हिरव्या खणातलं."

काकूंच्या जबाबाप्रमाणे बोचके पांढऱ्या पंच्याचे होते. खण होता आत, पाटल्यांभोवती गुंडाळलेला. मुलीच्या आईनेच तो गुंडाळला होता.

"गाठ न सोडता तुला खण कसा दिसला?" मी विचारले.

चहा निवायच्या आत तो कबूल झाला. "काकू रेडिओ बंद करायला वळल्या, बोचकं समोरच होतं. बस, उचललं," म्हणाला. सराफ्यात चौकशी चालू आहे हे कळल्यावर घाबरून त्याने हे कुभांड रचले होते. पंचांसमक्ष त्याच्या घरच्या कोळशाच्या डब्यातून बोचके निघाले, पाटल्यांसकट.

दुपारीच मी मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभा राहिलो, लग्नाची अडचण सांगितली आणि मुद्देमाल सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवून घेतला. मुलीच्या वडिलांनी सही केली, पण चेहरा उतरलेलाच. "साहेब, मध्येच ते भलत्याच घरी गेलं. प्रस्थान मोडलं तर नाही ना?"

"तुमच्या घरी परत आलं का?"

"नाही जी."

"मग मोडेल काहून? चला, काकूंकडे ठेवू. उद्या तिथूनच उचला."

रविवारी मी मुद्दाम गणवेश चढवून गेलो. त्याच बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या. काकू बोचके घेऊन आतच घुटमळत होत्या. नवरीची आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकू, मागं काहून? तुमच्याच हातून घ्यायचं आहे आम्हाले." काकू बाहेर आल्या. नवरीने बोचके घेतले आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

पोलिसाला कायदा पाठ हवाच. पण ज्या लोकांत काम करायचे, त्यांच्या घरात काय करतात आणि काय मुळीच करत नाहीत, हेही त्याला ठाऊक हवे, एवढे मी या तपासात शिकलो. मुहूर्तावर तुमचा विश्वास आहे का, असे लोक विचारतात. मी वाद घालत नाही. एका बाईला ठाण्याची पायरी चढू न देता तिच्यावरचा आळ मी तिच्याच दारात, चारचौघांदेखत पुसला. मिळालेल्या पदकांपेक्षा मला त्याचा अभिमान जास्त आहे.