शेजारणीकडे ठेवलेलं प्रस्थान

मला नियमांचा राग नाही. मी पुण्यात वाढले, म्हणजे पाट्या वाचत वाढले. 'येथे बसू नये' असं लिहिलं असेल तर बसायचं नसतं, एवढं मला कळतं. पण करोनाच्या पहिल्या वर्षी, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, आम्हाला डच सरकारने नियम दिलाच नाही. सल्ला दिला. ड्रिंगेंड अडव्हीस, म्हणजे कळकळीचा सल्ला: गरज नसेल तर परदेशी जाऊ नका.

आता सल्ला पाळायचा असतो का? आमच्या घराण्यात सल्ला देणारे काका-मामा रग्गड होऊन गेले. सगळ्यांना चहा पाजला, ऐकलं एकाचंही नाही.

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"आम्ही भारतात जाऊ शकतो का?"

"जाऊ शकता. पण जाऊ नये असा सल्ला आहे."

"गरज असेल तर?"

"तर जा."

"गरज आहे की नाही हे कोण ठरवणार?"

"तुम्हीच. ती तुमची स्वतःची जबाबदारी आहे."

शेजारी बसून ऐकणाऱ्या माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने डचमध्ये विचारलं, "माख हेत ऑफ माख हेत नीत?" चालतं की चालत नाही? सबंध युरोपात त्या आठवड्यात एवढा सरळ प्रश्न दुसऱ्या कुणाला सुचला नसेल. 

गरज होती. माझ्या बाबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला घरच्यांनी ओवाळायचं असतं, आणि ओवाळायला मी एकटीच. मला ना भाऊ ना बहीण. बाबांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलेलं नाही. त्या वेळी मात्र फोनवर म्हणाले, "बाकी कुणी नसलं तरी चालेल. ओवाळायला तू हवीस." आणि एवढं बोलून घाईघाईने फोन आईच्या हातात दिला, जणू काही भलतंच बोलून गेले.

नवरा इंजिनिअर. आम्ही फेल्डहोवनला राहतो, तिथे दर दुसरा मराठी माणूस इंजिनिअर असतो आणि कुठल्याही संकटावर आधी आकृती काढतो. त्याने जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि चौकोन, बाण काढायला घेतले. टेस्ट विमानाआधी किती तास, नमुना दिल्यापासून की रिपोर्ट मिळाल्यापासून, विमान आधी जर्मनीत थांबलं तर मोजणी कुठून. भारत सरकारचं एक पत्रक होतं, राज्य सरकारचं दुसरं, महापालिकेचं तिसरं. शेवटी तो पेन ठेवून म्हणाला, "रिक्वायरमेंटच क्लिअर नाहीये." त्याच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही.

त्यात आमच्या पुण्याच्या सोसायटीची नोटीस. परदेशातून आलेल्यांनी चौदा दिवस घराबाहेर पडू नये आणि येताना लिफ्ट वापरू नये. खाली सही सेक्रेटरींची. सेक्रेटरी म्हणजे माझे बाबा. चौथ्या मजल्यावर बॅगा जिन्याने चढवायच्या होत्या, आणि तो हुकूम माझ्याच जन्मदात्याचा होता.

तरीही वाट निघत होती. रविवारची तिकिटं काढली, सोहळा पुढच्या शुक्रवारी. आईने पंचांग उघडलं आणि व्हिडिओ कॉलवर जाहीर केलं, "रविवार चांगला नाही. गुरुवारी निघा."

"आई, गुरुवारी विमान नाही."

"मग प्रस्थान ठेवा."

हा प्रकार मी विसरलेच होते. निघायचा दिवस चांगला नसेल तर चांगल्या दिवशी प्रवासाच्या सामानातली एखादी पिशवी, सुपारी आणि नारळ घालून शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे तुम्ही त्या दिवशी निघालात असं धरलं जातं. मग हवं तेव्हा जाताना ती पिशवी उचलायची आणि पुढे व्हायचं. घर मात्र ज्या दिशेला जायचं त्या दिशेचं हवं. नवऱ्याने, या चिपा बनवण्याची यंत्रं जुळवणाऱ्या माणसाने, फोनवर होकायंत्र उघडून पूर्व कुठली ते तपासलं. पूर्वेला आमची डच शेजारीण निघाली. एकटी राहणारी, निवृत्त आणि नियमांना अतिशय पक्की.

बाबांसाठी घेतलेला राखाडी लोकरी स्वेटर मी एका छोट्या बॅगेत घडी करून ठेवला. आईकडून माप मागवून घेतला होता, छाती आणि बाह्या दोन्हीचं. वर नारळ, सुपारी. बॅग घेऊन तिच्या दारात उभी राहिले. सगळी हकीगत सांगितल्यावर तिने एकच शंका काढली, "दिवसाला किती पाहुणे घरी घ्यायचे याची मर्यादा आहे. ही बॅग पाहुणी धरायची का?"

मी म्हटलं, "नाही, हिला खोकला येत नाही."

ती हसली नाही. विचार करून म्हणाली, "चालेल." आणि कोट टांगतात त्याखाली बॅग ठेवून घेतली. शुक्रवारी काय आहे तेही विचारून घेतलं.

पंचांगापुरते आम्ही गुरुवारी निघालो. शनिवारी राज्य सरकारचं नवं पत्रक आलं: युरोपातून मुंबईत उतरणाऱ्याने सात दिवस हॉटेलात राहायचं. म्हणजे सोहळा मी विमानतळाजवळच्या खोलीत बसून फोनवर बघायचा, आणि बाबा तीन-चार तासांच्या अंतरावर. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना म्हणतात ते हेच. इकडचे म्हणत होते जा, पण जाऊ नका. तिकडचे म्हणत होते या, पण येऊ नका.

आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोडगा तयारच होता. अहमदाबादला उतरा, गाडी करा, रात्रीत पुणे गाठा, कुणाला पत्ता लागत नाही. सांगणाऱ्या, इथल्याच हूफडॉर्प गावच्या बाई आठवडाभर ग्रुपवर रोज सकाळी 'घरी राहा, सुरक्षित राहा' असं हात जोडून पाठवत होत्या. पुढे त्याच बाईंचे हुरडा पार्टीचे फोटो आले, नाकाखाली मास्क आणि हातात कणीस.

मी अहमदाबादला जायला तयार होते. खरंच सांगते, खोटं बोलायलाही तयार होते. बाबांना फोन केला. 

"इथे खाली नोटीस माझ्या सहीची आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीणबाईंच्या मुलाला मी जिन्याने चढायला लावलंय, चौदा दिवस कोंडलंय. आता तुला चोरवाटेने आत घेऊ?"

मला त्यांचा इतका राग आला की मी फोन आपटला. ते बरोबर होते म्हणून जास्तच आला. तिकिटं रद्द केली.

शुक्रवारी पुण्यात फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, त्यातून मला बाबांचं डोकं आणि भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. दिवे लावलेलं तबक शेजारच्या काकूंनी धरलं. कुणीतरी विचारलं, "लेक नाही आली?" आणि मला आईचा ठणठणीत आवाज ऐकू आला, "निघालीय ती. गुरुवारीच निघालीय."

दुपारी बेल वाजली. आमची डच शेजारीण फाटकाबाहेर उभी राहून वडिलांच्या वाढदिवसाबद्दल माझं अभिनंदन करत होती. इथे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्या घराचं करतात. मग तिने विचारलं, "बॅग परत आणू का?"

मी नाही म्हटलं. परत आणली की प्रस्थान मोडतं, असं आईने बजावलं होतं. शेजारणीला ते लगेच पटलं. तिला कुठलाही स्पष्ट नियम पटतो.

मग पत्रकांवर पत्रकं आली. वसंतात विमानं बंद झाली, मग सुरू झाली, मग ज्यांना वाटेल त्यांनी ज्यांना वाटेल त्यांना धोकादायक देश म्हटलं. आमच्या गल्लीच्या टोकाचं कुटुंब सल्ला ऐकून स्पेनच्या बेटावर गेलं आणि रापून परत आलं. मे महिन्यात शेजारणीने कुंपणापलीकडून हाक मारली: बॅगेतून वास येतोय. मी घाबरून आईला फोन केला. ती म्हणाली, "नारळ बदल. बदललेला चालतो." आईच्या शास्त्रात प्रत्येक अडचणीला तोड होती. दोन दोन सरकारं पगारी माणसं ठेवून एक तोड काढू शकली नाहीत.

दर रविवारी बाबा फोनवर विचारायचे, "कुठवर आलीस?" मी म्हणायचे, "शेजारणीकडे."

जवळजवळ वर्षाने रस्ता मोकळा झाला. टॅक्सी दारात उभी करून मी बॅग उचलली. शेजारणीने हात मिळवला नाही, कोपर पुढे केलं. पुण्यात आम्ही लिफ्टने वर गेलो. नोटीस अजून होती, पण कोपऱ्यात फाटली होती.

मी बाबांना ओवाळलं. मग स्वेटर दिला. त्यांनी तिथेच घातला. खांद्याची शिवण दंडावर उतरली, बाह्यांतून नुसती बोटांची टोकं बाहेर आली, आणि पुढून स्वेटर असा लोंबला की आत आणखी एक माणूस मावला असता. आई बाह्या दुमडू लागली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "वर्षभर शेजारणीकडे टांगून ठेवलास," ते म्हणाले, "सैल पडणारच."

सगळे हसले. मीही हसले. स्वेटर वर्षभर बॅगेत घडी करून ठेवलेला होता, हे मी सांगितलं नाही.