एका बाईची एकच कुकी

आठ बाया, एक प्रेशर कुकर आणि फूड टेक्नॉलॉजीची डिग्री घेऊन चंद्रपूरहून आलेली मी. किस्से साठायला याहून जास्त सामान लागत नाही! एटापल्ली तालुक्यातल्या एका गावात बचत गटाला मोहफुलांची कुकी शिकवायला मी आले, त्याला वर्ष होत आलं. अजूनही मैत्रिणी भेटल्या की पहिला प्रश्न हाच, "तुझ्या त्या कुकीचं काय झालं?" मग चहा थंड होतो, माझं तोंड थांबत नाही. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी मुद्दा सांगते. आश्रमशाळेतल्या मुलांना दुपारी पाकिटातलं बिस्कीट मिळतं. त्या जागी आमच्या गटाची कुकी द्यावी, असा आमचा अर्ज होता. तालुक्याहून एक साहेब चव बघायला येणार होते. पास झालो तर गटाला कायमचं काम. नापास झालो तर बाया पुन्हा मोह सुकवून टोपलीनं विकणार आणि तो कुठल्या भट्टीत जातो ते सगळ्यांना माहीत!

अर्जात एक रकाना होता: 'बनवणाऱ्यांचा चवीबाबत अभिप्राय'. साहेबांनी फोनवर बजावलं, "तो रकाना मी बायांना विचारून भरणार. तुम्ही त्यांना पढवू नका."

पंचाईत अशी, की आमच्यातल्या एकाही बाईनं स्वतःची कुकी खाल्लीच नव्हती. केली की वाटली! मी वैतागून फर्मान काढलं. तीन आठवड्यांत प्रत्येकीनं घरी कुकी करायची. एकच. आणि ती स्वतः खायची. अख्खी!

*

प्रात्यक्षिक मी करून दाखवलं. कुकरची शिटी आणि रिंग काढायची, तळाला किलोभर मीठ पसरायचं, त्यावर वाटी उपडी घालून छोटी ताटली ठेवायची. दोन चमचे कणीक, एक चमचा तूप, दीड चमचा मोहाचा पाक, चिमूटभर खायचा सोडा. मंद जाळावर वीस मिनिटं.

गटाच्या अध्यक्ष कमलाबाई झाकणाकडे बघत बसल्या होत्या.

"एकच?"

"एकच."

"एवढा कुकर तापवाचा, किलोभर मीठ तापवाचं, अन् एकच?"

मी भाषण सुरू केलं. बाई आयुष्यभर दुसऱ्यांसाठी रांधते, तिनं एकदा तरी फक्त स्वतःसाठी काही करावं, हा साधा हक्क आहे, वगैरे. कॉलेजात या भाषणाला मला बक्षीस मिळालं होतं.

कमलाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, एक तं आम्ही देवाले बी नाई ठेवत. जोडीनं ठेवतो."

*

पहिला नंबर सुमनबाईंचा. घरात सात माणसं, त्यात सासू अशी की तिला तीन घरांपलीकडची फोडणी ओळखू येते. पण सुमनबाई जिद्दीच्या. घरात फोटोसमोर मेणबत्ती लावली, 'आज मी माह्या हक्काचं खाणार' असं मनाशी ठरवलं आणि कुकर चढवला.

दुसऱ्या दिवशी मी वही उघडून बसले. "बोला सुमनबाई. अख्खी खाल्ली?"

"खाणारच होती. तं सासू म्हणे, काय करून राह्यली? मंग दाखवली. मंग पोरं आली. मंग जेठ बी आले."

"मग?"

"मंग अडकित्त्यानं सहा तुकडे केले."

"अडकित्त्यानं?"

"सुरीनं भुगा होते ना! सुपारीसारखी बरोबर कातरली."

"पण घरात सात माणसं. सहाच तुकडे? चव कशी होती?"

सुमनबाईंनी पदर सारखा केला. "माह्या वाट्याले वास आला. वास मस्त होता!"

मी वहीत लिहिलं: वास चांगला.

*

जनाबाई आमच्यात सगळ्यात म्हाताऱ्या. त्यांची कुकी सुबक झाली होती, काठ सोनेरी. पण त्यांनी ती पळसाच्या पानात बांधून आढ्याला टांगून ठेवली.

"खाल्ली का नाही?"

"पंडुम नाई झाला." पंडुम म्हणजे नव्या फुलाफळांचा सण. देवाला दाखवल्याशिवाय नवा मोह तोंडात घालायचा नाही. आणि या कॉलेजवाल्या बाईनं त्यांना या हंगामातला ताजा मोह दिला होता!

मी घायकुतीला आले. वेळ थोडा आहे, साहेब यायचे आहेत, एवढीशी तर कुकी आहे, मी सगळं सांगून पाहिलं.

जनाबाई म्हणाल्या, "तू परीक्षेच्या आंधी पेपर पाहे का वं पोरी?"

"नाही."

"मंग."

अकरा दिवस कुकी आढ्याला. पंडुम झाला. मी धावत गेले. "आजी, आता?"

"ठेवली देवापाशी. नंतर सगळ्यायनं घेतली."

"तुम्ही?"

"माहे दात कुठी हायेत? पण देवानं तक्रार नाई केली!"

मी वहीत काय लिहावं?

*

एक नमुना चंद्रपूरला माझ्या कॉलेजातल्या सरांना दाखवायचा ठरला. डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. आमचा जिल्हा दारूबंदीचा आणि कुकीला मोहाचा घमघमाट! शेजारच्या आजोबांनी दोनदा माझ्याकडे बघून जागा बदलली.

नाक्यावर एक हवालदार चढला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"ताई, डब्यात काय आहे?"

"कुकी."

"वास तं दुसराच येऊन राह्यला."

मी उसळले. मोहाचं फूल हे अन्न आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न आहे, तुम्ही लोकांनी त्याला बदनाम केलं! अख्खी बस ऐकत होती. हवालदारानं डबा उघडला, कुकी उचलली आणि तपासणी म्हणून तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिला.

"दारू नाई," त्यानं जाहीर केलं. मग जरा विचारात पडला. "पण काईतरी कमी आहे."

"काय कमी आहे?"

"ते एका कुकीत कसं समजन? तपासणीले दोन तरी लागतात!"

मी रिकामा डबा घेऊन चंद्रपूरला पोचले.

*

त्या आठवड्याच्या बैठकीत मी सगळ्यांवर भडकले. तीन आठवडे संपत आले, आठ बाया, आणि एकीचाही अभिप्राय नाही!

कमलाबाईंनी मोहफुलं निवडता निवडता विचारलं, "तू खाल्ली काय मॅडम?"

आता खोटं कसं बोलणार? खोलीवर मी एक केली होती. फोटो काढला, स्टेटसला टाकला. तेवढ्यात घरमालकीणबाई डोकावल्या, "काय जळून राह्यलं?" लाजेकाजेस्तव त्यांना अर्धी दिली. उरलेली अर्धी त्यांच्या नातीनं मागितली.

"नाही," मी म्हणाले.

आठही बाया एवढ्या हसल्या, की निवडलेली फुलं पुन्हा सांडली.

*

कमलाबाईंचा किस्सा मात्र त्यांनी सगळ्यांसमोर सांगितला नाही. फुलं सुकवताना मला एकटीला सांगितला.

त्यांची संगीता सहावीत, त्याच आश्रमशाळेत. वसतिगृहातल्या मुली तिला चिडवायच्या, तुझी आई मोह विकते, तुझ्या दप्तराला दारूचा वास येतो. सुट्टीत आली की पोरगी कपडे दोन-दोनदा धुवायची. शेवटी एकदा म्हणाली, "आई, मले भेटाले येतानी मोह आणू नको. हात बी धुऊन ये."

पोरगी पुढे घरी आली, त्या शनिवारी कमलाबाईंनी एकच कुकी केली. संगीतानं हुंगली, कोपरा मोडला आणि बघता बघता ताटली चाटून ठेवली.

"आई, कायची हाय?"

"तुह्या शाळेत भेटन ना, तवा सांगन."

मीही फुलं पसरत राहिले.

*

आणि तो शुक्रवार!

साहेब अकराला येणार होते. सकाळी मोजून नऊ कुक्या केल्या, आठ बायांच्या आठ आणि साहेबांची एक. पण रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग लागली आणि साहेब तीन वाजेपर्यंत आलेच नाहीत. तोवर अंगणवाडी सुटली. पोस्टमन आला. कोणाचा तरी भाऊ सासुरवाडीहून आला. आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही! मी ओरडून थकले.

जीप थांबली तेव्हा ताटात एकच कुकी होती.

साहेब बसले, फॉर्म काढला, पेन उघडलं. "आधी बायांचा अभिप्राय. ही कुकी कोणी खाल्ली आहे? कशी लागते?"

सुमनबाईंनी जमिनीकडे पाहिलं. जनाबाईंनी आढ्याकडे. मी देवाला मानत नाही, पण त्या क्षणी कोणाला तरी हाक मारली.

कमलाबाई उठल्या. ताटातली कुकी उचलली. साहेबांना देणार असं वाटलं. त्यांनी ती स्वतःच्या तोंडात घातली.

अख्खी!

कमलाबाई सावकाश चावत होत्या. साहेबांचं पेन हवेत. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तरी त्यांचं चावणं चालूच. मग त्यांनी घोटभर पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"काऊन वं मॅडम! कुकरात खाली किलोभर मीठ, अन् कुकीत चिमूट बी नाई?"

माझी डिग्री तिथल्या तिथे जमिनीत गेली.

"लिहा साहेब," त्या म्हणाल्या. "मीठ कमी हाय. बाकी मस्त हाय. माह्या पोरीले आवडते."

साहेबांनी ते शब्द तसेच रकान्यात लिहिले. खाली सही केली. "सोमवारी शाळेत घेऊन या. सगळ्या मुलांना पुरतील एवढ्या. मीठ घालून."

मग रिकाम्या ताटाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "आणि माझी?"

"तुमी घरी करा ना साहेब," कमलाबाई म्हणाल्या. "सोपी हाय. दोन चमचे कणीक. एकच करा. अन् कोणालेच देऊ नका!"