चिकटवलेलं पोट

मनकर्णाबाई उमरेडहून रोज एसटीनं नागपूरला यायच्या. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात त्या अटेंडंट होत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या पतंगाचे पंख न फाटू देता टाचणीवर पसरवायचं काम त्यांच्यासारखं कुणाला जमत नसे. असे बारीक पतंग नुसत्या पंखांवरून ओळखता येत नाहीत. पोटाचं टोकही सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. वीस वर्षांत बाई तेही शिकल्या होत्या.

विभागप्रमुख चंद्रभान सरांना एक नवी जात सापडली. असे पंख आणि असं पोट, ही जोडी कुठल्याच पुस्तकात नव्हती. सर वर्गाला तो पतंग दाखवत होते. बाई जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "सर, पंख एकाचे हाय अन् पोट दुसऱ्याचं. तुटलेलं पोट चिकटवताना अदलाबदल झाली."

सर मुलांकडे पाहून हसले. "घ्या, आता बाई आपल्याला शिकवणार. बाई, तुम्ही शिश्या धुवा."

सगळा वर्ग हसला. बाई बेसिनपाशी गेल्या.

त्यानंतर त्या यावर एक शब्द बोलल्या नाहीत. शोधनिबंध छापून आला. सरांनी जातीला स्वतःच्या वडिलांचं नाव दिलं. सत्काराच्या खुर्च्या बाईंनीच मांडल्या. नाव जितकं गाजेल तितकं बरं, असं त्यांना वाटे. पुढे सर निवृत्त झाले, तरी बाई थांबूनच होत्या.

निबंध छापल्यानंतर सातव्या वर्षी पुण्याहून पतंगांच्या अभ्यासक अदिती मॅडम नमुन्यांच्या जुन्या पेट्या तपासायला आल्या. बाईंनी तो पतंग त्यांच्यापुढे ठेवला. "याच्या कमरेवर पाण्याचा थेंब टाकून पाहा, मॅडम."

डिंक सुटला. पोट धान्यातल्या नेहमीच्या पतंगाचं निघालं, आणि पंखही आधीच ठाऊक असलेल्या जातीचे.

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगतलं होतं. त्यायनं मले शिश्या धुवायले लावलं."

अदिती मॅडमनी लिहिलं, ते छापून आलं आणि ती जात रद्द झाली. बाई त्याची प्रत घेऊन मनीषनगरला सरांच्या घरी गेल्या. सरांनी दोनदा वाचलं.

"तुम्हाला पक्कं माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग पुन्हा एकदा तरी सांगायचं. माझ्या वडिलांचं नाव होतं त्यात."

"म्हणूनच नाही सांगतलं."

सरांनी प्रत टेबलावर पालथी ठेवली. त्यांच्या पत्नीनं चहा आणून ठेवला. बाई तो सरांसमोर बसून सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.