दादाचा आवाज

बाजारात तिला सगळे ‘प्रतवाली’ म्हणत. बिघडलेलं कुठलंही यंत्र समोर आलं की त्याच्या चिपमधला मूळ प्रोग्रॅम ती आधी आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची, आणि मगच दुरुस्तीला हात घालायची. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी तिचं उत्तर ठरलेलं: “आधी प्रत, मग हात.” वीस वर्षांत हा नेम तिने एकदाच मोडला, आणि तोही सख्ख्या भावाच्या बाबतीत.

दादाच्या घशाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. त्याआधी पंधरा दिवस दवाखान्यात बसून त्याने बाराशे शब्द आपल्या आवाजात भरून ठेवले होते. आता तळहाताएवढ्या यंत्रावर शब्द टाइप केला की ते दादाच्याच घोगऱ्या आवाजात बोलायचं. पण फार सावकाश. दादाचं वाक्य पुरं होईपर्यंत घरातल्यांच्या गप्पा दुसऱ्याच विषयावर गेलेल्या असायच्या.

“याला जरा पळव ना,” असं पाटीवर लिहून त्याने यंत्र तिच्यापुढे ठेवलं. त्याच दिवशी दुपारी त्याची मुलगी परगावाहून येणार होती.

तसं यंत्र वापरणाऱ्या कुणीतरी बनवलेला वेगवान प्रोग्रॅम तिला मिळाला होता. जुन्याची प्रत घ्यायला बसली, तर प्रोग्रॅम वाचून घ्यायला चिपला लावायचा चिमटा सारखा निसटायचा. तीनदा निसटला. दादा घड्याळाकडे बघत होता. ‘घरचंच तर काम आहे,’ असं म्हणून तिने प्रत सोडून दिली आणि नवा प्रोग्रॅम भरायला घेतला. सत्तर टक्क्यांवर काम अडलं. पडदा काळा झाला तो झालाच.

दादाचे शब्दही त्याच चिपमध्ये होते.

“चालू होईल ना?” दादाने पाटीवर लिहिलं.

“होईल,” ती म्हणाली. त्याच्याकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

चालू झालं, पण आठ दिवसांनी. ओळखीच्या एका कारागिराकडे तसंच, पण वेगवान प्रोग्रॅम असलेलं यंत्र होतं, त्यातला प्रोग्रॅम तिने आणून भरला. यंत्र झपाझप बोलू लागलं, मात्र बातम्या वाचणाऱ्या कुणा परक्या माणसासारखं. दवाखान्यात चौकशी केली तर कळलं, शब्द पेशंटच्या हवाली केले की दवाखाना स्वतःकडे प्रत ठेवत नाही.

ती दादाच्या घरी गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. प्रत घेतली नव्हती, हेही लपवलं नाही. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली, बाहेर आलीच नाही. दादाने यंत्र हातात घेतलं, बराच वेळ टाइप केलं.

“गाढवे,” तो परका आवाज अगदी स्वच्छ, सभ्य सुरात म्हणाला, “परक्यांची कामं जपून करतेस आणि माझं?”

एरवी अशा सुरातल्या शिवीवर दोघं पोट धरून हसले असते. तिने मान खाली घातली.

दादा अजून ते यंत्र वापरतो, दुकानदाराशी, डॉक्टरांशी. घरात मात्र पाटीवर लिहितो. ती भेटायला गेली की तिच्यासाठीही पाटीच काढतो. घरच्यांत धरतो एवढं तरी आहे, असं ती स्वतःला समजावते. पण वहिनी अजून तिच्याशी कामापुरतंच बोलते.